घेतली म्हणेपर्यंत

भट्टी विझवायच्या दिवशी पाऱ्याने आपली पाळी संपवली, खुर्ची मागे सरकवली आणि सवयीने म्हणाला, "दिली."

पुढे कोणी नव्हतं. कंट्रोल रूममध्ये तो, काळे पडलेले स्क्रीन आणि कोपऱ्यात कुणीतरी विसरलेली डब्याची पिशवी. "घेतली" म्हणणारा माणूस आता येणारच नव्हता. पारा जरा वेळ तसाच उभा राहिला, मग आपणच काहीतरी चोरून नेत असल्यासारखा चेहरा करून बाहेर पडला.

त्याचं खरं नाव कारखान्यात कोणाला आठवत नसे. एका जागी टिकत नाही म्हणून जुन्या मुकादमांनी त्याला पारा म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की पगाराच्या चिठ्ठीवर दुसरं नाव दिसलं की त्याला स्वतःलाच क्षणभर परकं वाटे. खुर्चीत बसला तरी त्याचा गुडघा हलत राही. भट्टीपाशी मात्र ही चळवळ कामाला यायची. कुठलाही काटा हलण्याआधी त्याचा गुडघा थांबायचा, आणि मुकादम ओरडायचे, "पारा गप्प बसला, बघा रे काय बिघडलंय ते."

काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता तो. अशी भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच थिजून दगड होते आणि भट्टी फोडण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून तिच्यापाशी सदैव कोणीतरी बसलेलं असायचं, आणि पाळी बदलताना एक नियम होता. जाणाऱ्याने आधी भट्टीची दुखणी सांगायची: कुठला बर्नर उचकी देतोय, कुठला काटा खोटं बोलतोय, कुठला पट्टा उसवायला लागलाय. मग म्हणायचं "दिली." येणाऱ्याने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं "घेतली." तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही, मग घरी आग लागलेली असो. एकदा एकाने पंख्याचा उसवलेला पट्टा लपवून पाळी दिली आणि तो घरी जाऊन झोपला. पुढच्या पाळीला काय निस्तरावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. त्याला कोणी काही बोललं नाही, पण जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारची खुर्ची त्यानंतर रिकामीच राहायला लागली.

पाऱ्याची बायको, म्हणजे आता बायको नसलेली, त्याच कारखान्यात होती. तिला सगळे तपासणीवाली म्हणत. अंधाऱ्या खोलीत दोन काळपट चकत्यांच्या मधे बाटली धरून ती बघत बसे. काच घाईने थंड झाली की तिच्यात ताण राहतो. नुसत्या डोळ्यांना बाटली स्वच्छ दिसते, पण त्या चकत्यांतून पाहिलं की तिच्या अंगावर जांभळे-पिवळे पट्टे उमटतात. पाऱ्याच्या पाळीचा माल तिने सलग नापास केला, तेव्हा तो तावातावाने भांडायला गेला. ती शांतपणे म्हणाली, "दिसायला छान आहेत. पण उभ्या उभ्या फुटतील." त्याने चडफडत थंड करायच्या पट्ट्याचा वेग कमी केला. पुढचा माल पास झाला. तरी तो भांडायला जातच राहिला, आता कारण नसताना.

लग्न झालं, मुलगी झाली. जन्मतःच इतकी वाटोळी होती की तिचं नाव गोटी पडलं. मग आई दिवसपाळीला आणि बाप रात्रपाळीला, असा संसार सुरू झाला. एक घरात शिरे तेव्हा दुसरा चपला घालत असे. नीट भांडायलासुद्धा सवड मिळेना. भांडणं अर्धवट राहत आणि दुसऱ्या दिवशी शिळी होऊन पुन्हा पुढ्यात येत. शेवटी दोघांनाही कळून चुकलं की आपण एकमेकांना फक्त घर सोपवतो आहोत. फारसा आवाज न करता ते वेगळे झाले. ती गोटीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथे औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागली.

कोर्टाचा हुकूम एका पानाचा होता. पहिलं कलम, बापाने मुलीच्या पोटगीची अमुक रक्कम दर महिन्याला द्यायची. ती त्याच्या पगारातून कापून परस्पर आईच्या खात्यात जाई. दुसरं कलम, एक आड एक शनिवारी सकाळी मुलगी बापाकडे जाईल आणि रविवारी संध्याकाळी परत येईल.

पहिल्या शनिवारी जिन्यावर तिघंही अवघडून उभी होती. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा गोटीच्या आईने कारखान्याचीच भाषा वापरली. म्हणाली, खोकला आहे, गार पाणी देऊ नकोस, झोपताना दिवा लागतो. दिली. पाऱ्याने गोटीकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाला, घेतली. गोटीला ते इतकं आवडलं की तिने टाळ्या पिटल्या. तेव्हापासून गोटी कधीही त्या दोन शब्दांशिवाय या घरातून त्या घरात गेली नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पाऱ्याला त्यात विशेष वाटत नव्हतं, कारण त्याने हुकूम भट्टीसारखाच वाचला होता. भट्टीत एक सोय असते. हवा पुरवणारा पंखा बंद पडला की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. कोणाला विचारत नाही, कोणासाठी थांबत नाही. त्याला इंटरलॉक म्हणतात. एक चाललं तरच दुसरं चालेल. पाऱ्याचा माणसांपेक्षा इंटरलॉकवर जास्त भरवसा होता, आणि हुकुमात पहिलं कलम वर होतं, दुसरं खाली. पैसे चालू तर गोटी चालू. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

भट्टी विझली आणि पाऱ्याला भीती पडली ती नोकरीची नव्हे, त्या दुसऱ्या कलमाची.

कारखान्याकडून मिळायचा हिशेब मालकांच्या भांडणात अडकला. त्याने गाठीशी होतं ते काढलं आणि रक्कम आपल्या खात्यातून गोटीच्या आईला पाठवायला लागला. बोलला कोणालाच नाही. नोकरी शोधली, पण आसपास काचेची दुसरी भट्टी नव्हती, आणि बाकीच्या ठिकाणी त्याच्या पिकलेल्या केसांकडे बघून कळवतो म्हणत. मग पार्सलच्या गोदामात खोकी लावायचं काम मिळालं. तेही रोज नाही. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, माणसं लागली तर आत घेणार, नाहीतर घरी.

ते घरी बसणं त्याला जमेना. जन्मभर भट्टीची घरघर कानात होती, आता खोलीत नुसती शांतता. तो फ्रिजला कान लावून बघे. नळ घट्ट करी, पुन्हा सैल करून पुन्हा घट्ट करी. गोटीसाठी त्याने खोक्यांच्या फळ्यांची खाट बनवली होती, तिचे स्क्रू काढून परत बसवले. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी वर येऊन विचारलं की तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत का, सारखं कोणीतरी चालतंय. तो म्हणाला, मीच आहे. बाईंनी त्याच्या मागे दोनदा डोकावून बघितलं आणि विश्वास न बसून गेल्या.

त्याची मोठी बहीण, ताई, गल्लीच्या तोंडाशी कपडे उसवून-शिवून द्यायचं दुकान चालवत असे. तिला मात्र त्याने सांगितलं होतं, म्हणजे सांगावं लागलं होतं, कारण तो दिवसा उजेडी दुकानात येऊन बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावायला लागला होता. ताईने आधी सहन केलं.

"बस म्हटलं तर बसवत नाही, जा म्हटलं तर जाववत नाही," ती एकदा म्हणाली. "माझ्या मशीनचं पायडल तरी मार. तेवढीच माझी वीज वाचेल."

तिनेच त्याला मोफत सल्ला केंद्रात नेलं. बाकावर बरीच माणसं होती. टेबलाशी बसलेल्या बाईंनी त्याचं प्रकरण ऐकून घेतलं आणि सांगितलं की नोकरी गेली म्हणून पोटगीची रक्कम आपोआप कमी होत नाही, ती चढतच राहते. कमी करून हवी असेल तर अर्ज द्यावा लागतो. अर्ज देण्याआधीचं जे थकतं ते सहसा तसंच राहतं, त्यामुळे उशीर करण्यात शहाणपण नाही. अर्ज दिल्यावर मुलीच्या आईला रीतसर नोटीस जाईल, वकीलसाहेब आत आहेत, तुमचा नंबर येईपर्यंत बसा.

पारा बसला. नोटीस हा शब्द त्याच्या डोक्यात घोळायला लागला. नोटीस गेली म्हणजे पहिलं कलम बंद पडल्याचं कागदावर आलं. कागदावर आलं की व्हॉल्व्ह बंद. गोटीच्या खाटेवर मग फक्त फळ्या. त्याचा गुडघा आधी हलत होता, मग जोरात हलायला लागला, शेजारच्या माणसाचं बाकही हलायला लागलं. ताईने त्याच्या मांडीवर हात ठेवला. तो उठला, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि थेट घरी गेला.

संध्याकाळी ताईने दुकानातूनच फोन करून त्याची खरडपट्टी काढली. पाणी प्यायला नदीवर गेला होतास का, असं विचारलं.

या काळातल्या सगळ्या रविवारी तो गोटीला परत सोडायला जात होता. दारात उभा राहून रीतसर पाळी देत होता. गुडघा खरचटलाय, औषध लावलंय. निबंध झालाय. दूध प्यायली नाही, ओतून दिलं आणि प्यायले म्हणाली. दिली. गोटीची आई त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघे, काही वाट पाहत असल्यासारखी, आणि मग म्हणे, घेतली. परत येताना त्याला बसमध्ये बसवत नसे. उसवलेला पट्टा लपवून घरी गेलेल्या त्या माणसाची आठवण होई, आणि ती आठवण तो लगेच झटकून टाकी.

मग गाठीचं संपलं. गोदामातून मिळाले त्यातून घरभाडं गेलं आणि जे उरलं ते रकमेच्या निम्मंही नव्हतं. निम्मे पाठवायचं त्याच्या मनातही आलं नाही. पंखा निम्मा चालला तर इंटरलॉक काय निम्मा माफ करतो? उरलेले पैसे त्याने पाकिटात घालून फळीवर ठेवले, पूर्ण झाले की पाठवू म्हणून. आणि मग, कोणी सांगायच्या आत, त्याने स्वतःच व्हॉल्व्ह बंद केला. गोटीच्या आईला कळवलं: या शनिवारी जमणार नाही, भट्टीचं काम निघालंय.

उत्तर आलं, "बरं."

तो शनिवार त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. सकाळी गोदामाच्या फाटकाशी गेला, तिथे माणसं नको होती. ताईच्या दुकानाशी गेला, तिने नुसतं पाहिलं. बसमध्ये बसला, पुढच्या थांब्यावर उतरला, दुसऱ्या बसमध्ये बसला, तीही सोडली. शेवटी चालत कारखान्यापर्यंत गेला. फाटकाला साखळी होती. रखवालदाराने ओळखून हात केला, पण त्याला तिथेही थांबवेना.

पुढच्या खेपेलाही त्याने तेच कळवलं. या वेळी गोटीचाच फोन आला.

"बाबा, भट्टी फार आजारी आहे का?"

तो म्हणाला, आहे थोडी.

"तिच्याजवळ कोण बसतं?"

"मी."

"मग ठीक आहे," गोटी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

पैसे दुसऱ्या महिन्याचेही थकले. फळीवरचं पाकीट थोडं जाड झालं, पण मागणी त्याच्यापेक्षा वेगाने वाढत होती. तिसऱ्या शनिवारीही त्याने नाही म्हणून कळवलं. उत्तर आलं नाही. सकाळी तो खाटेचे स्क्रू तपासत होता तेव्हा घंटी वाजली.

दारात गोटी होती, पाठीला दप्तर, नाक लाल. मागे तिची आई.

"सर्दी आहे, औषध पिशवीत आहे," ती म्हणाली. "भूगोलाचा नकाशा अर्धा राहिलाय. सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, त्यामुळे चिकट काही खायला देऊ नकोस. दिली."

गोटी बापाच्या हाताखालून वाकून आत गेली. पाऱ्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. घेतली म्हणायचा त्याला हक्कच नव्हता. गोटीची आई जिन्यात उभी राहिली. तो शब्द ऐकल्याशिवाय तिलाही जाता येत नव्हतं.

"आज जमणार नाही म्हणून कळवलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"कळवलं होतंस. भट्टीचं काम निघालंय."

"हो."

"कुठल्या भट्टीचं?"

खालच्या मजल्यावर दार किलकिलं झाल्याचा आवाज आला. पाऱ्याने कठड्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला.

"भट्टी बंद झाली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

त्याने वर पाहिलं.

"माझी बस पुलावरून जाते," ती म्हणाली. "तुमच्या चिमणीच्या तोंडावरची हवा सतत थरथरत असायची. एका सकाळी बघितलं तर मागची इमारत सरळ दिसत होती. मग पैसे तुझ्या नावाने यायला लागले, कारखान्याच्या नाही. मी इतकी वर्षं काय फुलं तपासत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू दिली नाहीस. मी घेऊ कशी?" ती थांबली, आणि मग तिचा आवाज चढला, जिन्यात चढतो तेवढाच. "आणि राग आला होता. दर रविवारी दारात उभा राहून गुडघ्याचं खरचटणं सांगत होतास. दूध ओतलं ते सांगत होतास. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगेल. मी मुद्दाम थांबायचे. आणि तू म्हणायचास दिली आणि पळायचास. मला पैशांची एवढी चिंता नव्हती, तेव्हा तरी. पण मग पैसेही थांबले आणि तूही थांबलास. ती विचारते, बाबांना दुसरी मुलगी मिळाली का. मी काय सांगू?"

त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. पैसे थांबले, मग गोटीला तो कसा घेणार होता? हवा थांबली की गॅस थांबतो. तिने येऊन थांबवण्याआधी त्याने आपणच थांबवलं, एवढंच. पहिलं कलम, दुसरं कलम.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"ती एकाखाली एक लिहिलीत," ती म्हणाली, "कारण कागद उभा असतो."

त्याला कळेना.

"दोन वेगळ्या लाइनी आहेत त्या. पैसे थकले म्हणून मला गोटीला अडवता येत नाही. गोटी आली नाही म्हणून तुला पैसे थांबवता येत नाहीत. निकालाच्या दिवशी वकिलाने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. म्हणजे मला बसवून. तू खिडकीशी फेऱ्या मारत होतास."

फेऱ्या त्याला आठवत होत्या. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची साखळी बसवत होतं आणि ती बसत नव्हती, तेही आठवत होतं. वकिलाचं एक अक्षर आठवत नव्हतं.

"मधे इंटरलॉकच नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"एवढ्या मोठ्या गोष्टीला?"

ती जिन्याच्या भिंतीला टेकली आणि कपाळ चोळलं. मग अर्जाचं विचारलं. त्याने सल्ला केंद्र, बाक, नोटीस आणि पाणी प्यायला जाणं, सगळं सांगितलं. ऐकताना तिचे ओठ बारीक होत गेले.

"म्हणजे अर्ज दिला असतास तर रक्कम कमी झाली असती," ती म्हणाली. "आणि तू दिला नाहीस, म्हणजे ती चढत राहिली. कुठल्याशा व्हॉल्व्हच्या भीतीने, जो नाहीच."

"हो."

"मी माफ करते असं म्हणू शकत नाही. ते माझे पैसे नाहीत, तिचे आहेत. आणि खरं सांगू का, म्हणायची इच्छाही नाही. मी काही थोर वगैरे नाही. तिच्या दातांना तारा लावायच्या आहेत, डॉक्टर आगाऊ मागतात. मी हातातलं घड्याळसुद्धा विकायला काढलंय. निम्मे पाठवले असतेस तर निम्म्याचं काही झालं असतं. शून्याचं काय करू?"

पारा आत गेला. गोटी खाटेवर मांडी घालून बसली होती आणि खिडकीतली बाटली तिच्या हातात होती. शेवटच्या मालातली ती बाटली त्याने आठवण म्हणून आणली होती. गोटीने दप्तरातून दोन काळपट चकत्या काढल्या होत्या, आईने कधीतरी खेळायला दिलेल्या, आणि त्यांच्या मधे बाटली धरून ती बघत होती. त्याने फळीवरचं पाकीट उचललं आणि बाहेर आणून दिलं. गोटीच्या आईने ते न मोजता पर्समध्ये ठेवलं, आणि पर्सची चेन घट्ट ओढली. नको वगैरे काही म्हणाली नाही. त्याला वाटलं होतं तिने तसं म्हणावं, आणि ती म्हणाली नाही याचं बरंही वाटलं.

"सोमवारी अर्ज दे," ती म्हणाली. "मी भांडणार नाही. पण तुला खरंच किती मिळतं ते सगळं बघेन. एकेक आकडा."

"बघशीलच."

"आई," आतून आवाज आला, "ही नापास आहे."

"मग खिडकीत ठेवू नकोस. उन्हाने फुटेल. खाली कापडावर ठेव."

खालचं किलकिलं दार अजून लागलेलं नव्हतं. गोटीच्या आईने मनगटावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग जिन्याच्या झरोक्यातून रस्त्याकडे.

"बाबा," गोटी म्हणाली, "घेतली म्हण की. आई किती वेळ उभी राहणार? तिची बस जाईल."

पारा दारात वळला. नियमाप्रमाणे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. त्याने पाहिलं. नाक लाल, एक मोजा खाली आलेला, उंची मागच्या खेपेपेक्षा वाढलेली, निदान त्याला तसं वाटलं. बाटली जुन्या टॉवेलवर ठेवलेली. त्याच्या लक्षात आलं की आपला गुडघा थांबलाय, आणि त्याला धसका बसला. कारण तो थांबला की काहीतरी बिघडलेलं असे. मग त्याच्या ध्यानात आलं की बिघडलंय ते आता माहीत आहे.

"घेतली," तो म्हणाला.

ती लगेच निघाली. दोन पायऱ्या उतरल्यावर मागे वळून म्हणाली, नकाशातल्या नद्या निळ्याच रंगव, मागच्या वेळी हिरव्या केल्या होत्यास. आणि धावतच खाली गेली. खालचं दार घाईने बंद झालं.

रविवारी संध्याकाळी पाऱ्याने गोटीला परत नेलं. बसमध्ये त्याने खिडकीची जागा गोटीला दिली आणि स्वतः उभा राहिला, जागा असूनही. पुलावरून जाताना गोटीने चिमणीकडे बोट दाखवलं. खरंच, मागची इमारत सरळ दिसत होती.

दार उघडलं गेलं. गोटी आत जायला निघाली, तर त्याने तिला खांद्याला धरून तिथेच थांबवलं.

"सर्दी कमी आहे, औषध संपत आलंय," तो म्हणाला. "नकाशा झाला. नद्या निळ्या आहेत, पण एक समुद्राच्या आधीच संपली, ती माझी चूक. काल चिकट खाल्लं, मी नको म्हणालो होतो, खाल्लं." गोटी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. "मला नोकरी नाही. गोदामात काम कधी मिळतं, कधी मिळत नाही. दोन महिन्यांचे थकलेत आणि पुढच्या महिन्याचेही पूर्ण होणार नाहीत. जेवढे होतील तेवढे पाठवीन. हे मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. उद्या अर्ज द्यायला जातोय."



"दिली," तो म्हणाला.

"आणखी काही?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही. एवढंच."

तिने गोटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. अंधाऱ्या खोलीत बाटली फिरवून बघताना बघायची तसं, घाई न करता.

"घेतली," ती म्हणाली.

सोमवारी सल्ला केंद्राच्या बाकावर पारा ताईशिवाय बसला होता. पुढे बरीच माणसं होती. गुडघा सुटल्यासारखा हलत होता. शेजारच्या बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग उठून आपली पिशवी बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेली. टेबलाशी बसलेल्या बाईंनी त्याला ओळखलं असावं, कारण त्यांनी कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. त्याने मान हलवली. नको. नंबर पुकारला जाईपर्यंत तो तिथेच बसून राहिला.